धुतलेली टाकी

त्याला सगळे आचारी म्हणत, आणि गंमत अशी की वसाहतीतल्या एकानंही त्याच्या हातचा घास कधी खाल्लेला नव्हता. उमेदीची वर्षं त्यानं कामगारांच्या एका खाणावळीत काढली. मग एकदा उकळत्या तेलाची कढई कलंडली, उजव्या हाताची बोटं आखडली ती आखडलीच, आणि मोठी पातेली उतरवणं संपलं. त्याच सुमारास ह्या चार उंच इमारतींच्या तळघरात सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट उभा राहत होता, आणि तिथं दिवसभर थांबेल असा माणूस काही केल्या मिळत नव्हता.

प्लँट बसवणाऱ्या इंजिनिअरनं त्याला विचारलं, "तुम्हाला काय येतं?"

"स्वयंपाक येतो. येत होता."

इंजिनिअर हसला नाही. म्हणाला, "मग जमेल. ह्या टाकीत जिवाणू असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण पाण्यातली घाण तेच खातात. त्यांना सतत हवा लागते, रोज खायला लागतं आणि उगाच कुणी लुडबुड केलेली खपत नाही."

"म्हणजे खाणावळच की," आचारी म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला.

त्याला जो हिशेब समजला तो सोपा होता. शहराचं धरण वर्षातले निम्मे महिने तळ दाखवायचं, आणि महापालिका मोजूनमापून पाणी सोडायची. त्यातलं बरंचसं लोक फ्लशमध्ये ओतायचे नाहीतर बागेला घालायचे. ते काम तळघरातल्या पाण्यावर भागवलं, तर वरच्या घरांत प्यायला-स्वयंपाकाला पाणी दिवसभर पुरायचं. न्हाणीघरातून, मोरीतून, संडासातून खाली आलेलं पाणी आधी मोठ्या टाकीत पडायचं. तिथं ब्लोअर तळातून हवेचे बुडबुडे सोडायचा आणि जिवाणू जेवायला बसायचे. मग ते पाणी दुसऱ्या टाकीत निवळायचं, गाळ खाली बसायचा, वरचं नितळ पाणी वाळूतून गाळून पुन्हा वर चढायचं. वसाहतीतल्या लोकांना ह्यातलं एवढंच माहीत होतं की फ्लश ओढला की पाणी येतं.

आचाऱ्यानं टाकी लावली ती खाणावळीच्या शिस्तीनं. फेस बघून तो तब्येत ओळखायचा. पांढरा, साबणासारखा फेस आला की जिवाणू कमी पडले, काळपट झाला की हवा कमी पडली, आणि फिक्या तपकिरी रंगाचा विरळ फेस असला, ओल्या मातीसारखा वास आला, की घरात सगळं ठीक आहे. सकाळी तो उंच काचेच्या भांड्यात टाकीतलं पाणी भरून खिडकीत ठेवायचा. थोड्या वेळानं गाळ खाली बसून वर स्वच्छ पाणी दिसलं की तो चहा प्यायचा, त्याआधी नाही. सुट्ट्यांच्या दिवसांत निम्म्या घरांना कुलपं लागली, खाली यायचं पाणी आटलं, की जिवाणू उपाशी राहतील ही ह्याला काळजी. मग घरून साखरेचं पाणी न्यायचं आणि टाकीत सोडायचं.

"माझ्या चहात अर्धा चमचा," त्याची बायको म्हणायची, "आणि त्या मेल्यांना डबाभर!"

"मेले नाहीत गं, म्हणून तर," आचारी म्हणायचा.

पण हे सगळं पंपाशेजारी कामाबरोबर मिळालेल्या नवराबायकोच्या एका खोलीतलं. बाहेर कुणाला तो ताकास तूर लागू द्यायचा नाही. सुरुवातीच्या दिवसांत एकदा लिफ्टमध्ये कुणीतरी नाकावर रुमाल धरला होता. तेव्हापासून तो जिन्यानं जायचा, दोनदा अंघोळ करायचा आणि कुणी खाली डोकावलं तर हात आडवा करायचा. "कशाला येताय? नुसती घाण आहे इथं." दारावर त्यानं स्वतःच्या हातानं 'घाण आहे, आत येऊ नये' असं रंगवलं होतं. इथंच त्याचं चुकलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ज्या कामाचा त्याला मनातून एवढा अभिमान होता, त्याला तो चारचौघांत घाण म्हणत आला, आणि लोकांनी ते खरं धरलं.

तिसऱ्या मजल्यावर मेट्रनबाई राहायच्या. सारी नोकरी त्यांनी एका मोठ्या रुग्णालयात काढली होती आणि निवृत्त झाल्या तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. जंतू म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल? पण त्यांची आयुष्यभर गाठ पडली ती शत्रुपक्षाच्या जंतूंशी. जखमेत शिरणारे, तापानं फणफणवणारे, धडधाकट माणसाला आडवं करणारे. त्यांच्या घरात फरशी दिवसातून दोनदा पुसली जायची आणि पाहुण्यांना आधी हात धुवायला आत पाठवून मग त्यांचा चेहरा बघितला जायचा.

त्यांचे यजमान शेवटी बरेच दिवस अंथरुणावर होते. रोज चादरींचा ढीग, आणि नेमकी त्याच काळात पाणीकपात. आचाऱ्यानं ते पाहिलं. कुणाला न विचारता त्यानं शुद्ध केलेल्या पाण्याची एक नळी मागच्या अंगणात काढली आणि तिथं मोठा हौद ठेवला. "चादरी आधी ह्याच्यात खळखळून काढा, बाई. घरचं पाणी फक्त शेवटच्या हाताला ठेवा." यजमान गेले त्या दिवसापर्यंत तो हौद एकदाही कोरडा पडला नाही. नंतर मेट्रनबाईंनी त्याला काय काय देऊ केलं, यजमानांचं घड्याळ, गरम कोट. आचारी एकच म्हणायचा, "त्यात काय एवढं, बाई." तो निघून जायचा, आणि बाई आभार मनातच घेऊन बसायच्या. त्या पुढे घराबाहेरही फारशा पडेनात.

मग आचाऱ्याच्या मोठ्या भावाच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. आठवडाभर जाणं भाग होतं. त्यानं प्लंबरला बजावलं, "ब्लोअर आलटून पालटून चालू ठेव. बाकी कशाला हात लावू नकोस." आणि एकदा टाकीत डोकावून, लवकर येतो असं काहीतरी पुटपुटून तो बसमध्ये बसला.

तो गेल्याचं कळताच मेट्रनबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस वर्षानुवर्षं घाणीत उभा आहे. स्वतःच्या तोंडानं घाण म्हणतो बिचारा. तो येईपर्यंत ती जागा आरशासारखी करून टाकायची! यजमान गेल्यानंतर पहिल्यांदा त्या जिने चढल्या-उतरल्या, घरोघरी बेल वाजवली. मेट्रनच्या आवाजाला नाही म्हणण्याची कुणाची छाती नव्हती, पण खरं तर नाही म्हणायचं कुणाच्या मनातच नव्हतं. सगळ्यांनाच आचारी आवडायचा. रविवारी बँकेतले साहेब आले, पहिल्या मजल्यावरची जुळ्यांची आई आली, वरच्या मजल्यावरचे दोघे नवे भाडेकरू आले. सेक्रेटरींनी आपल्या गाडीच्या डिकीतून ब्लीचचे डबे आणले. प्लंबरनं येणारं पाणी परस्पर शहराच्या गटारात वळवलं, टाक्यांवर मोठे पंखे लावले आणि पंपानं सगळ्या टाक्या उपसून रिकाम्या केल्या. त्याच्या मनात एकदा शंका आली होती, पण त्याला वाटलं, सेक्रेटरींनी विचारलं असेल. सेक्रेटरींना वाटलं, प्लंबरला माहीत असेल. टाकीत प्लंबरची माणसं उतरली आणि बाकी सगळ्यांनी भिंती, फरशी, नळ, जिन्याच्या पायऱ्या गुडघे टेकून घासल्या. शेवटी मेट्रनबाईंनी स्वतःच्या हातानं डबेच्या डबे ब्लीच सगळ्या टाक्यांत ओतलं, कोपरा न् कोपरा धुऊन घेतला आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता इथं ऑपरेशन करा म्हणाल तरी करून दाखवते."

आचारी परतला तेव्हा सगळे त्याची वाट बघत खाली उभे होते. जिन्यातच त्याला ब्लीचचा वास आला आणि उरलेल्या पायऱ्या तो धावतच उतरला. भिंती पांढऱ्याशुभ्र. कोपऱ्यात नवी खुर्ची. ब्लोअर पुसून लख्ख केलेले. त्यानं कठड्यावरून वाकून टाकीत पाहिलं. तळाच्या हवेच्या नळ्या एकूण एक मोजता येत होत्या.

इतकी वर्षं वाढवलेलं, जपलेलं सारं होतं कुठं? गटारात गेलं होतं.

"कसं वाटतंय, आचारी?" मेट्रनबाईंनी विचारलं. त्यांच्या केसांना अजून ब्लीचची पूड लागलेली होती आणि त्या हसत होत्या.

आचाऱ्याचे डोळे भरून आले ते आवरले नाहीत. "छान," एवढंच त्याला म्हणता आलं. लोकांना वाटलं आनंदानं रडतोय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मग सांगा ना त्यांना! तुम्ही असे का मूग गिळून बसलात?"

"काय सांगू? बाई, तुम्ही सगळे मारून टाकलेत, असं?"

"हो, असंच!"

"तू त्यांचा चेहरा पाहिला नाहीस. यजमान गेल्यापासून ती बाई आज पहिल्यांदा हसली. त्यावर पाणी फिरवायचं माझ्या जिवावर येतं गं."

"आणि उद्या टाकी चालली नाही तर बोल कुणाला लागेल?"

बोल कुणाला लागेल हे दोघांनाही ठाऊक होतं.

टाकी चालली नाहीच. त्यानं पाणी भरलं, ब्लोअर सुरू केले, साखर घातली, पण जेवायलाच कुणी नव्हतं. वर पांढरा फेस चढला. काचेच्या भांड्यातलं पाणी दिवसभर तसंच गढूळ राहिलं. हे पाणी वर चढवलं तेव्हा संडासांना असा वास सुटला की लोक खिडक्या उघडून उभे राहिले. शेवटी ती लाइन बंद करावी लागली. फ्लशला नळाचं पाणी लागायला लागलं, आणि धरण आधीच तळाला गेलेलं, त्यामुळे दुपार व्हायच्या आत वरच्या टाक्या ठणठणीत. जुळ्यांची आई बादल्या घेऊन जिन्यात उभी राहायची. बाग पिवळी पडली.

सेक्रेटरी खाली आले. माणूस वाईट नव्हता, पण दिवसभर सगळ्यांची बोलणी खाऊन मेटाकुटीला आला होता. "आचारी, तुम्ही गेलात आणि बिघडलं. आम्ही तर एवढं स्वच्छ करून दिलं तुम्हाला. नेमकं झालं काय?"

"माझंच दुर्लक्ष झालं," आचारी म्हणाला.

"एक कंपनी ठेका घ्यायला तयार आहे. त्यांची माणसं, त्यांची जबाबदारी. मी महिनाअखेरपर्यंत थांबतो. त्यानंतर माझ्या हातात काही नाही." सेक्रेटरी त्याच्याकडे न बघताच बोलत होते. ठेका कंपनीला गेला की काम जाणार आणि कामाबरोबर पंपाशेजारची खोलीही जाणार, हे काही वेगळं सांगायला नको होतं.

आता एकच मार्ग उरला होता. शहरात असे प्लँट सांभाळणारी जी मंडळी आहेत, त्यांच्यात एक रीत आहे. कुणाची टाकी मेली तर दुसऱ्यानं आपल्या टाकीतला जिवंत गाळ द्यायचा. ह्याला ते विरजण म्हणतात. थोडं चांगलं विरजण ताज्या सांडपाण्यात घातलं, हवा दिली, की हळूहळू सारी टाकी लागते. विरजण मागायला स्वतः जायचं, कुणाला पाठवायचं नाही. देणाऱ्यानं नाही म्हणायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, तुझी टाकी कशानं मेली, असं विचारायचं नाही. ज्याची मेली त्याला ते पुरेसं लागलेलं असतं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलींचं एक मोठं वसतिगृह होतं. तिथली टाकी सांभाळणाऱ्या बाईला सगळे काकी म्हणत. आचाऱ्यानं तिला फोन केला. "ये," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

प्रश्न गाडीचा होता. पिंपात भरलेला गाळ कोण आपल्या टेम्पोत घेणार? दोघा-तिघांनी वासाचं ऐकूनच हात जोडले. ही गोष्ट मेट्रनबाईंच्या कानावर गेली आणि त्या तडक खाली आल्या. "आमच्या यजमानांची गाडी उभीच आहे. मागची सीट काढून टाकू. मी चालवते."

"बाई, फार घाण वास येतो."

"मला वासाचं सांगता? मी काय अत्तराच्या दुकानात नोकरी केली?" आणि जाताना म्हणाल्या, "तुमच्यावर वेळ आली आहे आणि मी वर बसून बघत राहीन होय!"

आचाऱ्याला नको म्हणता आलं नाही. ज्यांनी टाकी मारली त्याच ती जगवायला निघाल्या होत्या, आणि त्यांना ह्याचा पत्ता नव्हता.

मेट्रनबाई येताना दोन नवीकोरी पिंपं घेऊन आल्या. आदल्या दिवशी त्यांनी ती स्वतः घासून ठेवली होती. वसतिगृहाच्या मागच्या आवारात काकी उभी होती, धिप्पाड, बाह्या वर सारलेल्या. तिच्या टाकीवर तपकिरी फेस असा छान पसरला होता की आचाऱ्याचा जीव कळवळला. काकीनं कशानं मेली ते विचारलं नाही. आचाऱ्याच्या खांद्यावर एक थाप मारली, पिंपाचं झाकण काढलं, आत नाक घातलं आणि झटक्यात बाहेर काढलं.

"अरे आचाऱ्या, ह्यात ब्लीच होतं का?"

"मी धुतली आहेत," मेट्रनबाई अभिमानानं म्हणाल्या. "जंतू औषधालाही सापडायचा नाही."

काकी खदाखदा हसली. "अहो बाई, आपण जंतूच तर न्यायला आलोय! ब्लीच म्हणजे ह्यांचा काळ. एक डबा टाकीत पडला की सगळं गोकुळ ओस पडलं समजा. पुन्हा उभं करायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो माणसाचा." तिनं पिंपं बाजूला सारली आणि आपली जुनी, काळपट डागांची पिंपं पुढे ओढली. "ही न्या. ह्यांना हीच सवयीची आहेत."

बोलता बोलता ती गाळ भरायला लागलीसुद्धा. मेट्रनबाई जागच्या हलल्या नाहीत. आचारी मान खाली घालून पिंप धरून उभा राहिला. त्याला वर बघायचा धीर होत नव्हता.

परतताना आचारी मागे पिंपांजवळ बसला. झाकणं लावली तर जिवाणू गुदमरतात, म्हणून हातातल्या लांब डावानं तो गाळ ढवळत होता. गाडीत असा वास भरला होता की शेजारून जाणारे लोक काचा वर घेत होते. एका झाडाखाली मेट्रनबाईंनी गाडी थांबवली.

"मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं, बाई?"

"की मी तुमचं वाटोळं केलं म्हणून. सेक्रेटरी तुम्हाला बोलले, मी जिन्यातून ऐकलं. तुम्ही म्हणालात, माझं दुर्लक्ष झालं. का?"

आचारी ढवळत राहिला.

"वॉर्डात कुणी चूक झाकली की मी त्याला दुसऱ्या दिवशी दारात उभं करायची नाही. झाकलेल्या चुकीनं माणसं मरतात, आचारी! आणि तुम्ही माझीच चूक माझ्यापासून झाकलीत. मला काय काचेची बाहुली समजलात?" त्यांचा आवाज चढला आणि चढता चढता फुटला. त्या पुढेच बघत होत्या.

"राग आला होता मला," आचारी म्हणाला. "खोटं कशाला बोलू? एवढा आला होता की तुमच्या मजल्याकडे बघवत नव्हतं. घरी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. पण बाई, राग येतानासुद्धा एक दिसायचं. बँकेतले साहेब गुडघे टेकून माझ्या जिन्याच्या पायऱ्या घासतायत. तुम्ही ह्या वयात डबे उचलताय. इतक्या वर्षांत तिथं माझ्याशिवाय कुणी आलं नव्हतं. आणि तुम्ही सगळे एकदम आलात. आता ह्या दोन्हीचं मी काय करू, सांगा."

मेट्रनबाईंनी डोळे पुसले.

"आणि चूक काय तुमच्या एकट्यांची?" आचारी म्हणाला. "घाण आहे, घाण आहे, असं मीच सांगत सुटलो होतो. दारावर लिहून ठेवलं. घाण म्हटल्यावर चांगलं माणूस धुणारच की."

मग मेट्रनबाईंनी आरशातून मागे बघितलं आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "ढवळा. थांबलात का? त्यांना हवा कमी पडेल." आणि गाडी सुरू केली. खड्डा आला की त्या इतक्या हळू घ्यायच्या की मागचे लोक भोंगे वाजवायचे. त्यांनी कुणाला भीक घातली नाही.

गाडी वसाहतीत शिरली ती थेट सेक्रेटरींच्या दारापुढे. वासासकट. सेक्रेटरी नाक दाबून बाहेर आले.

"टाकी आचाऱ्यांनी मारली नाही, मी मारली," मेट्रनबाई म्हणाल्या. "ज्या घाणीच्या आपण हात धुऊन पाठीमागे लागलो ना, तीच पाणी साफ करत होती. ठेका द्यायचा तर खुशाल द्या, पण कारण माझं नाव घालून लिहा."

सेक्रेटरींना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा त्यांचा चेहरा उतरला. "पण ब्लीच तर माझ्याच डिकीतून आलं," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी पिंपाकडे बघितलं, आचाऱ्याकडे बघितलं, बाह्या दुमडल्या आणि एका बाजूनं पिंप धरलं. जिना उतरताना गाळ त्यांच्या बुटांवर सांडला. तरी त्यांनी पिंप सोडलं नाही. कंपनीच्या माणसाला त्यांनी दुसऱ्याच दिवशी फोन करून टाकला, सध्या राहू द्या म्हणून.

त्या आठवड्यात मेट्रनबाईंच्या गाडीनं काकीकडे पुन्हा पुन्हा फेऱ्या केल्या. कधी बँकेतले साहेब मागे बसून ढवळायचे, कधी जुळ्यांची आई. आणि खाली आलेल्या प्रत्येकाला आचाऱ्याला सांगावंच लागलं, हे काय आहे, ते काय आहे. आधी तो चाचरत, मान खाली घालून सांगायचा. "हे आपलेच आहेत. तुमच्याच घरांतून येतात. मी नुसतं वाढतो." मग त्याला हळूहळू रंग चढायला लागला. ओल्या मातीच्या वासाचं सांगताना तर तो असा रंगून जायचा की ऐकणाऱ्यांनाही तो वास घ्यावासा वाटायचा. बायको दारातून बघत होती. एवढं बोलताना तिनं त्याला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

तरी टाकी लगेच लागली नाही. पांढरा फेस हटायला तयार नव्हता. महिना संपत आला तसं सगळ्यांचंच तोंड सुकलं. मेट्रनबाई सकाळ-संध्याकाळ खाली यायच्या आणि कठड्याशी उभ्या राहायच्या, आजाऱ्याच्या उशाशी राहावं तशा. एका सकाळी आचाऱ्यानं काचेचं भांडं भरून खिडकीत ठेवलं आणि दोघं त्याच्याकडे बघत बसले. गाळ हलला. मग ढगासारखा एकत्र आला आणि सावकाश खाली उतरायला लागला. वर दोन बोटं स्वच्छ पाणी दिसलं. बघता बघता चार बोटं.

मेट्रनबाई टाकीवर वाकल्या. फेसाच्या कडेला फिका तपकिरी रंग धरला होता. त्यांनी खोल श्वास घेतला. आयुष्यभर ज्या वासाच्या वाटेलाही त्या गेल्या नव्हत्या, तो वास.

"ताप उतरला," त्या म्हणाल्या.

फ्लशची लाइन सुरू झाली, वरच्या टाक्या संध्याकाळपर्यंत पुरायला लागल्या, बागेला पुन्हा पाणी मिळालं. लोक आचाऱ्याचे आभार मानायला खाली येऊ लागले, आणि त्याला कसनुसं व्हायला लागलं. मग एका रविवारी त्यानं धुतलेला शर्ट घातला, बायकोला म्हणाला, "चल," आणि दोघं जिन्यानं वर निघाले.

त्यानं एकेक बेल वाजवली. बँकेतल्या साहेबांकडे, जुळ्यांच्या आईकडे, वरच्या भाडेकरूंकडे, सेक्रेटरींकडे. प्रत्येक दारात त्यानं तेच सांगितलं. त्या रविवारी तुम्ही टाकी धुवायला आलात, त्याचे आभार मानायचे राहून गेले होते. लोक चक्रावायचे. कुणी हसायचे, कुणी ओशाळायचे. "अहो, आचारी, आम्ही तर तुमची वाट लावली!" सेक्रेटरी तर लाजेनं लालच झाले.

मेट्रनबाईंचं दार त्यानं शेवटी वाजवलं.

"त्या रविवारचे आभार मानायला आलोय, बाई."

"कुठल्या रविवारचे?" त्या म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. "त्या? वेड लागलंय का तुम्हाला? मी तुमचं सगळं मारून टाकलं त्या दिवशी!"

"मारलंत हे खरं," आचारी म्हणाला. त्याला जे म्हणायचं होतं ते घशाशी आलं होतं आणि ह्या वेळी त्यानं ते गिळलं नाही. "पण आला होतात ना. माझ्यासाठी आला होतात. तेव्हा मला बोलता आलं नाही. फार बरं वाटलं होतं, बाई. अजून वाटतं."

मेट्रनबाईंनी दार पूर्ण उघडलं.

"दोघंही आत या," त्या म्हणाल्या. "उंबऱ्यावर उभं राहून कुणी आभार मानतं का?"